फुलीची बाजू

आणि वर मलाच विचारतात, आजी, तुम्ही हरवलात का? हरवायला मी काय कुणाची छत्री आहे? मी जिथं उभी होते तिथं मी होतेच की. हरवलं होतं ते अक्काचं घर, आणि ते शोधत मी सकाळी अकरापासून स्वतःच्या दोन पायांवर फिरत होते, कुणाला एका शब्दाचा त्रास न देता... बसा, नीट बसा, तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते, कारण आमच्या घरचे लोक ही हकीकत तिखटमीठ लावून सांगतात, आणि नात तर सांगता सांगता हसून जमिनीवर लोळते. यात हसण्यासारखं काय आहे ते तुम्हीच ऐका आणि ठरवा. फक्त एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. कागद माझ्या हातात होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. आत्यानं आम्हा दोघींना शिवण शिकवलं, आणि आत्या गेल्यावर तिचं दुकान आम्ही एकतीस वर्षं चालवलं. अक्का आखायची, मी कापायचे, शिवायचो दोघी. आमच्या दुकानातून बाहेर पडलेल्या कोटाच्या खांद्यावर कधी कुणी चूक म्हणून बोट ठेवलं नाही. आणि मग एक दिवस ते बावीस कोट झाले, त्यांचं पुढे सांगते, आणि त्या दिवसापासून बारा वर्षं आम्ही एकमेकींशी एका अक्षरानं बोललो नव्हतो. बारा वर्षं! तेवढ्यात मूल जन्मून तुम्हाला उलट उत्तरं द्यायला लागतं. अक्का या दूरच्या गावात राहायला गेली, मी मशीन विकलं, आणि दोघींनीही ठरवलं की आपल्याला बहीण नव्हतीच.

आता महिन्यापूर्वी भाच्याचा, म्हणजे अक्काच्या मुलाचा, निरोप आला. आईला कायमची माझ्याकडे नेतोय, समुद्रापलीकडे. घर विकलं. अमक्या दिवशी दुपारी चारला गाडी सुटेल, ती थेट विमानतळावर. आई काही बोलत नाही, पण मावशी, तुम्ही आलात तर बरं होईल. अक्काचं वय एकोणऐंशी, माझं त्र्याहत्तर. समुद्रापलीकडून परत येण्याचं आमचं वय राहिलंय का? चारच्या आत पोचले तर पोचले, नाहीतर झालं. भाचा म्हणाला, स्टॅंडवर न्यायला येतो, दहा मिनिटांचा तर रस्ता. मी म्हटलं, काही नको. बारा वर्षांनी जायचं ते काय कुणी गाठोडं उचलून नेल्यासारखं जायचं? मी येईन ती माझ्या पायांनी येईन.

नातीनं लगेच फोन पुढं केला. म्हणे, आजी, यात एक बाई आहे ती रस्ता सांगते. ऐकली मी ती बाई. दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. ना ताई, ना बाई, ना कृपा करून. आणि चुकलं की पुन्हा तेच, त्याच सुरात, जणू मी तिच्या टांग्याचं घोडं. फोन मी माझ्या उशीखाली ठेवला आणि निघाले.

आणि मला गरज काय होती? अक्कानं स्वतः पाकीट पाठवलं होतं. आत चिठ्ठी नाही, कारण अक्काला अक्षर येत नाही. मला येतं. मला कुणी शिकवलं नाही, शाळेची पायरी आम्ही दोघींनी पाहिली नाही, पण दुकानात जुन्या वर्तमानपत्रांचे कपड्याच्या मापाचे खाके कापायचो ना, त्यावरून एकेक अक्षर लावत मी वाचायला शिकले. तुम्ही शिकलात ते पूर्ण पानावर. मी शिकले ते बाहीच्या आकाराच्या बातमीवर. पूल कोसळला इथपर्यंत वाचायचं आणि पुढं बाही बसते त्या मुंढ्याचा गोल आलेला. पूल कोसळून पुढं काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही. पण वाचायला आलं. अक्का म्हणायची, तुला काय करायचंय गं वाचून, कापडावर काय लिहिलेलं असतं? आणि मी म्हणायचे, तुला नाही कळायचं.

तर पाकिटात निघाला कागद. खाक्याचा पातळ कागद, आरपार दिसणारा. त्यावर अक्कानं शिवणाचं दातेरी चाक फिरवून रस्ता काढला होता. ते चाक माहीत आहे ना? कागदावरून फिरवलं की बारीक भोकांची ओळ उठते. तशी ओळ, मध्ये एक गोल, पुढं वळण, मग करवतीसारखी दात-दात असलेली रेघ, पुन्हा वळण, आणि शेवटी, जिथं घर, तिथं चक्क एक काज शिवलेलं. बटणाचं काज, कागदावर! टाके असे एकसारखे, की माझा राग तिथं अर्ध्या मिनिटापुरता थांबला. आणि वरच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची एक छोटी फुली. मी वाचणारी बाई. नातीच्या पुस्तकांतले नकाशे मी पाहिलेत, कोपऱ्यात उत्तर दिशेची खूण असते. म्हटलं, अक्का सुधारली, उत्तर दाखवायला लागली. फुली वर धरली आणि स्टॅंडच्या दारातून बाहेर पडले. अकराला पाच कमी. चारला पाच तास होते. कागद माझ्या हातात होता.

आता लोक म्हणतात मला डावं-उजवं कळत नाही. साफ खोटं. पन्नास वर्षं मी समोर उभ्या माणसाचा डावा हात माझ्या उजव्या हातानं मोजला, त्याची उजवी बाजू माझ्या डावीकडे, आणि तरी कुणाची बाही कधी... बरं, ते पुढं. माणसाच्या अंगावर मला डावं-उजवं झोपेतसुद्धा कळतं. रस्त्याला अंग नसतं, त्याला मी काय करू? रस्ता समोरून येतोय की पाठमोरा जातोय, कोण सांगणार?

गेले. सरळ गेले, गोल आला. छान गोल, मध्ये फुलझाडं, भोवती गाड्या. कागदावर गोल, समोर गोल. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात वाचता येणं. कागद म्हणाला डावीकडे, मी डावीकडे. गोलाच्या कडेलाच एक इस्त्रीवाला लागला, टपरीत टेबल, त्यावर कपड्यांची चळत, नाकावर चष्मा. त्यानं वर पाहिलं, मी पुढं. मला काय इस्त्री करायची होती? आता पुढं शोधायचे होते दात. आणि तुम्हाला सांगते, दात आलेच. एका इमारतीवर पाटी, पाटीवर रंगवलेला एवढा मोठा जबडा. दातांचा दवाखाना. अक्काला अक्षर येत नाही, म्हणजे ती दात काढते तेव्हा दातच म्हणायचे असतात, बरोबर की नाही?

वर गेले. टेबलामागे एक मुलगी, ती म्हणाली नंबर घ्या. मी म्हटलं, मला फक्त काज कुठं आहे ते बघायचंय. ती म्हणाली, बसा, डॉक्टर सांगतील. इतकी गोड बोलली की बसले. पंखा होता, खुर्ची मऊ होती, तीन तास गाडीत अंग मोडलं होतं. नंबर पुकारला तेव्हा आत गेले. डॉक्टर म्हणाला, आ करा. आता सांगा, एक शिकला-सवरलेला माणूस हातात दिवा घेऊन म्हणतोय आ करा, तर तुम्ही काय त्याला बहिणीचं घर विचारणार? केला आ. दोन हलतायत म्हणाला. मी म्हटलं, हलतायत तर हलू दे, त्यांनाही कुठं जायचं असेल. खाली आले तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते.

तुम्ही म्हणाल, कुणाला विचारलं का नाही? हे सगळेच म्हणतात. रस्त्यात माणसं होती, पोलीस होता, फुलं विकणारी एक बाई तर दोनदा माझ्याकडे बघून हसली. पण मी विचारत नाही. विचारायचं कशाला? ज्याला विचारावं तो आधी आपल्याला वरपासून खालपर्यंत बघतो, मग मोठ्यानं बोलतो, जणू रस्ता माहीत नाही म्हणजे कानही गेले. आत्या सांगायची, गिऱ्हाइकासमोर माप विसरलीस तरी विचारायचं नाही, नजरेनं काढायचं. नजरेनं मी बावन्न इंची छाती काढलीय. एक घर काय, काढलं असतं. कागद माझ्या हातात होता.

परत फिरले. कागदावर म्हटलं उजवीकडे, उजवीकडे गेले, आणि पुन्हा तोच इस्त्रीवाला. टपरी तीच, चष्मा तोच, फक्त कपड्यांची चळत खाली आलेली. तो म्हणाला, आजी, कुणाचं घर बघताय? मी म्हटलं, मी घर बघत नाही, पाय मोकळे करतेय. आणि ताठ मानेनं पुढं गेले. आता हे दात म्हणजे करवतीचे असणार, हे माझ्या ध्यानात आलं, कारण पलीकडून लाकूड कापण्याचा आवाज येत होता. आवाजाच्या मागं मागं गेले तर वखार. लाकडाचा भुसा, चार सुतार, आणि एक दाराची चौकट उभी केलेली, नुसतीच, घराशिवाय. त्या चौकटीतून मी आत गेले आणि पलीकडून बाहेर आले, कारण कागदावर काज होतं आणि काजातून जायचं असतं. सुतारांनी काम थांबवून पाहिलं. एक जण दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांना ऐकवलं असतं.

तिथल्या एका ओंडक्यावर बसून डबा उघडला. दोन वाजत आले होते. आणि तिथं, खोटं कशाला बोलू, झाकण पुन्हा लावलं. डबा तसाच राहिला. मनात आलं की अक्का आता शेवटचं सामान बांधत असेल, आणि दर वेळी दाराकडे बघत असेल, आणि मग बघायचं बंद करेल. ती तशीच. वाट बघतेय हे ती कुणाला दिसू देणार नाही. चार वाजता उठेल, पदर खोचेल, गाडीत बसेल, आणि म्हणेल, मला माहीतच होतं धाकटी यायची नाही. ती मला धाकटी म्हणते. त्र्याहत्तराव्या वर्षी मला धाकटी म्हणणारं आता दुसरं कोण उरलंय?

उठले. आणि मग जी धावले ती विचारू नका. शाळेच्या भिंतीला वळसा, पाण्याच्या टाकीला वळसा, एका केस कापणाऱ्याच्या दुकानात फणी दिसली तिथं आत डोकावून आले, एका गल्लीत शिरले ती बंद निघाली, मागं फिरले तर ती दुसरीच गल्ली झालेली. कागद मी आडवा धरला, उभा धरला, फुली उत्तरेकडे म्हणून सूर्य कुठं आहे ते बघत डोकं भणाणलं. चुकलेल्या माणसाला सगळंच जुळल्यासारखं वाटतं हो. प्रत्येक गोल तो गोल, प्रत्येक वळण ते वळण. फक्त घर तेवढं नाही. आणि फिरून फिरून, घाम पुसत, कुठं आले असेन? बरोबर. इस्त्रीवाला.

या खेपेला त्यानं टेबलाखालचं स्टूल पायानं पुढं सरकवलं आणि पाण्याचा तांब्या दिला. घड्याळात साडेतीनला दोन मिनिटं कमी. मी बसले. बसले कारण पाय म्हणाले बस. त्याच्या टेबलावर आता एकच कपडा उरला होता, काळा कोट, आणि तो त्यानं उलटा केला होता. काळ्या कापडावर सुलट्या बाजूनं इस्त्री फिरली की चकाकी येते, म्हणून जाणता माणूस उलटा करूनच फिरवतो. हात बरा होता त्याचा. बाही उलटी करून ठेवली, अस्तर वर, डावी बाही उजवीसारखी पडलेली, आणि मी सवयीनं मुंढ्याकडे पाहिलं. माणूस शिवण सोडतो, नजर सोडत नाही. मुंढ्याच्या आत, अस्तराच्या टोकाला, निळ्या दोऱ्याची एक छोटी फुली होती.

तुम्हाला सांगते, मी तांब्या खाली ठेवला.

कारण ती फुली मी एकतीस वर्षं रोज पाहिली होती. काळ्या कापडाला दोन्ही बाजू सारख्या. उलटी कोणती, सुलटी कोणती, दिव्याखाली कळत नाही. म्हणून अक्का उलट्या बाजूला निळ्या दोऱ्याचे दोन टाके घालायची, फुलीचे. कापडावर घालायची, आणि कागदी खाक्यावरसुद्धा घालायची. आमच्या दुकानात फुली म्हणजे उत्तर नव्हे. फुली म्हणजे उलटी बाजू. फुली दिसली की कापड पालटायचं. हे मला, मला, पन्नास वर्षं कापड कापणाऱ्या बाईला, कुणी सांगायला हवं होतं का? पण मी नकाशा वाचत होते ना. मी वाचणारी बाई. अक्कानं मला शिंपीण समजून खाका पाठवला होता, आणि मी तो शिकलेल्यांसारखा वाचत बसले होते.

कागद पालटला. मागं फुली नव्हती, नुसत्या दोन आडव्या रेघा, टाक्याच्या मागच्या बाजूला असतात तशा. बोट फिरवलं, भोकांच्या कडा तिकडून गुळगुळीत. सुलटी बाजू. डावं वळण उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे. सकाळपासून मी सगळं गाव उलट्या बाजूनं फिरत होते. आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं. पण मग ते बावीस कोट आठवले.

ऐका. बॅंडवाल्यांचे कोट, बावीस. थर लावून एकदम कापायचे होते. आता उजव्या बाहीचा आणि डाव्या बाहीचा खाका एकच असतो. आधी उजव्या कापायच्या, मग तोच कागद पालटायचा आणि डाव्या कापायच्या. एकदा पालटला की डावी. पालटायचा राहिला, तर पुन्हा उजवीच. आणि दोनदा पालटला गेला, तरी पुन्हा उजवीच. उजव्या मी कापल्या, पाणी प्यायला आत गेले, परत आले, डाव्या कापल्या. शिवून झाले तेव्हा बावीसच्या बावीस कोटांना दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या. बॅंडवाल्यांनी घालून बघितले. उजवा हात खाली, आणि डावा असा कोपरातून मागं, जणू सगळे पाठीला खाजवतायत. एकालाही तुतारी तोंडाशी नेता येईना. अक्का म्हणाली, तू पाणी प्यायला गेलीस तेव्हा मी कागद पालटून ठेवला होता, तू येऊन पुन्हा पालटलास. मी म्हटलं, तू पालटलाच नव्हतास, मी पालटलेला आहे असं धरून होता तसा कापलं. ती म्हणाली, फुली बघायची नाही का? मी म्हटलं, मला शिकवू नकोस. बस. तेवढ्यावर बारा वर्षं.

आणि त्या स्टुलावर बसून मला दिसलं. कसं दिसलं ते सांगता येणार नाही, पण माझे हात मला दिसले. ओले हात मी पुसते आहे, कागद उचलते आहे, फुली न बघता पालटते आहे, कारण मला सगळं माहीतच आहे. आज सकाळी धरला तसाच. माझीच चूक होती हो. बारा वर्षं माझीच.

इस्त्रीवाला कोट हॅंगरला लावत म्हणाला, चारच्या आत द्यायचाय, परदेशी निघालेत, आईनं शिवलेला कोट म्हणून हाच घालून जाणार म्हणतात. मी विचारलं... हो, मीच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, ते घर कुठंय? तो म्हणाला, हे काय, मागच्या पायऱ्या चढल्या की दुसरं दार. कागदावरचे ते दात! पायऱ्या. त्याच्या टपरीच्या पाठीला पाठ लावून. सकाळपासून तीनदा मी त्या घरापासून चाळीस पावलांवरून गेले होते.

आता माझ्यातली कालची मी असती, तर काय म्हणाली असती माहीत आहे? म्हणाली असती, कागद स्टॅंडपासून सुरू होतो, तेव्हा स्टॅंडवर परत जाऊन नीट सुरुवात करू. जिभेवर आलंही होतं. पण घड्याळात पावणेचार. मी म्हटलं, "मला घेऊन चला. मला रस्ता सापडत नाही." तो म्हणाला, चला. त्यानं कोट पुढं धरला, आणि गल्ली चढाची म्हणून मी कोटाची बाही धरली. अक्काच्या हातच्या त्या रिकाम्या बाहीला धरून, तुम्हाला सांगते, मी त्या पायऱ्या लहान पोरीसारखी चढले. डावी बाही होती. ते मला बरोबर कळलं.

दारात गाडी, गाडीत पेट्या, भाचा घड्याळ बघत उभा. अक्का पुढच्या सीटवर बसलेली, काच खाली, हात मांडीवर. इतकी लहान झाली होती ती. माझ्या डोळ्यांसमोर होती ती अक्का दार अडवून उभी राहायची. तिनं मला पाहिलं, आणि रडेल, हाक मारेल, काही नाही. हात बाहेर काढला, माझ्या बाहीची शिवण दोन बोटांत धरली आणि म्हणाली,

"कुणी शिवलंय हे? खांद्यात ओढतंय."

"विकत घेतलंय," मी म्हटलं.

"दिसतंच आहे. एवढा उशीर?"

"कागद उलटा धरला."

"फुली घातली होती की."

"बघितली नाही," मी म्हटलं, आणि मग थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात बोलले. "तेव्हाही बघितली नव्हती, अक्का. तू पालटून ठेवला होतास तो मी येऊन पुन्हा पालटला. बावीस कोट मी घालवले. चूक माझी होती."

भाचा दुसरीकडे बघायला लागला. अक्काची बोटं माझ्या शिवणीवरच होती. मग ती म्हणाली, "काहीतरी बोलू नकोस. मी पालटलाच नव्हता. खडू शोधायला उठले, तेवढ्यात विसरले. बारा वर्षं माहीत आहे मला. चूक माझी होती."

"तुझी कशी? मी पालटला म्हणतेय ना?"

"आणि मी पालटला नाही म्हणतेय. कळत नाही का तुला? पहिल्यापासून हट्टी."

"मोठी आहेस म्हणून चूकसुद्धा तूच घेणार?"

आवाज चढले. चढले म्हणजे चांगलेच. शेजारच्या खिडकीत एक डोकं आलं, इस्त्रीवाला कोट हातात घेऊन खाली बघत उभा. एवढ्या वर्षांनी भेटलो आणि पुन्हा त्याच कागदावरून भांडत होतो, फक्त बाजू पालटून. तेव्हा भाच्यानं तोंड उघडलं. तो हिशेबी माणूस. म्हणाला, "आई, एक मिनिट. तू पालटला नाहीस, आणि मावशीनं पालटला. म्हणजे एकदाच पालटला गेला. मग बाह्या बरोबर व्हायला हव्या होत्या."

खरंच की. दोघींचं खरं धरलं, तर बावीसच्या बावीस कोट नीट झाले होते, बॅंडवाले तुताऱ्या वाजवत गेले होते, आणि आमचं भांडण झालंच नव्हतं. म्हणजे दोघींतली एक खोटं बोलत होती. आणि कोण, ते मला त्या क्षणी कळलं, कारण अक्का खोटं बोलते तेव्हा समोरच्याच्या कपड्यावरचा नसलेला दोरा काढते, आणि ती माझ्या खांद्यावरचा नसलेला दोरा काढत होती.

"मग झाले असतील बरोबर," ती म्हणाली. "सोड आता, धाकटे."

सोडलं. काय करणार? तिच्यासाठी एवढं तरी करायला हवं होतं. भाच्यानं कोट घातला, अक्कानं गाडीतूनच त्याचा खांदा बघितला, आणि भाचा मला म्हणाला, मावशी, बसा मागं, स्टॅंडवर सोडून पुढं जातो, वाटेतच आहे. आणि माझ्या या तोंडाला, ज्याचे दोनच दात हलतात, बाकी सगळं घट्ट आहे, त्या तोंडाला मी काय म्हणू? ते म्हणालं, नको, मला रस्ता माहीत आहे. अक्का हसली. बारा वर्षांत पहिल्यांदा, आणि बहुतेक शेवटचं. म्हणाली, तिकडे पोचले की तिथला कागद पाठवते. समुद्र ती चाकानं कसा काढणार आहे, देव जाणे. काच वर गेली, गाडी वळली. डावीकडे की उजवीकडे, ते माझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून मला सांगता येणार नाही.

मग गल्लीत मी, आणि ते बंद दार. इस्त्रीवाला कधीच पायऱ्या उतरून गेला होता, आणि त्या पायऱ्या आता दोन्ही टोकांना होत्या. कागद काढला. फुली खाली, सुलटी बाजू वर, सगळं जिथल्या तिथं. पण तो कागद येण्याचा होता. परत जाण्याचा अक्कानं काढलाच नव्हता.

म्हटलं, ठीक आहे, एकदा विचारलंयच, आता लाज कसली. तेवढ्यात एक तरुण बाई समोरून आली, खांद्याला पिशवी, हातात किल्ली. मी पुढं झाले आणि सरळ विचारलं, बाई गं, स्टॅंड कुठं आहे? ती म्हणाली, आजी, मी तिथूनच आलेय, पण कशी आले ते विचारू नका. दोन तास फिरतेय. हे घर मी विकत घेतलंय, आणि हेच ते घर का, तेवढं तुम्ही मला सांगता का?

सांगितलं. मग आम्ही दोघी तिच्या पायरीवर बसलो, उरलेला डबा तिला दिला, आणि म्हटलं, बस, कुणीतरी येईल, त्याला विचारू. कागद? होता की. माझ्याच हातात होता.